ओपगाफ

"म्हणजे आपली लेव्हीच की!" बाबा चहाचा कप खाली ठेवत म्हणाले.

मी त्यांना 'ओपगाफ' हा डच शब्द सांगत होतो. दक्षिण आफ्रिकेतल्या केपमध्ये, डच ईस्ट इंडिया कंपनीच्या अमलात, शेतकऱ्याने दरवर्षी द्यायचा हिशेब. मेंढ्या किती, द्राक्षवेली किती, गहू किती पेरला, किती निघाला. त्यावर कर. अर्थात आकडे सर्रास कमी सांगायचे. बाबांना हे फारच पटलं. लेव्हीच्या वर्षांत, म्हणजे सरकार शेतकऱ्याकडून सक्तीने धान्य घ्यायचं तेव्हा, आमचीही ज्वारी कणगीत कमी अन् माळ्यावर जास्त असायची म्हणे.

मी मात्र पुढच्या रकान्यांत अडकलो होतो. आधी घरची माणसं. मग गुलाम: पुरुष, बायका, मुलगे, मुली. नावं नाहीत, नुसते आकडे. त्यांना लागूनच घोडे, मग गुरं.

यातले कितीतरी लोक बंगाल, मलबार, कोरोमंडलहून जहाजात घालून नेलेले. बंगालची अँजेला १६६६ मध्ये मुक्त झाली, तिचं नाव इतर कागदांत सापडतं. बाकीचे बहुतेक त्या रकान्यातच राहिले.

बाबा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मेंढ्या लपवायचे, तशी ही माणसंही लपवत असतील का रे?"