कंबरदुखी आणि मॅन्युअल ऑस्टिओपथी : माझा अनुभव

तासगाव–सांगली रोजची मोटरसायकल असली की उजवीकडची कंबर कधी ना कधी धरतेच. गोळीचा अंमल उतरला की दुखणं परत जागेवर, म्हणून सांगलीत मॅन्युअल ऑस्टिओपथीचे, म्हणजे सांधे-स्नायू हाताने तपासून मोकळे करण्याचे, उपचार घेतले. याबद्दल लोक पहिल्यांदा विचारतात ते "कट्ट करून आवाज काढतात का?" एवढंच. खरं तर आवाज हा त्यातला सगळ्यात बिनमहत्त्वाचा भाग. पहिल्या भेटीला पाऊण ते एक तास लागतो आणि त्यातला निम्मा तपासणीतच जातो. जायलाच हवा.

आधी प्रश्न. दुखणं कधीपासून, खोकल्यावर कळ येते का, पायात मुंग्या कुठपर्यंत उतरतात, रात्री झोपेतून उठवतं का, ताप, वजन घटणं, पूर्वी कॅन्सर, स्टेरॉइड किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या. लघवी अडत असेल किंवा नकळत होत असेल, बसण्याची जागा बधिर झाली असेल, पाऊल उचलताना लोंबत असेल, तर टेबलावर झोपायचंच नाही. त्याच दिवशी मिरज-सांगलीतलं मोठं हॉस्पिटल गाठायचं. हे प्रश्न न विचारता कुणी थेट पाठीला हात घालत असेल तर चप्पल घालून बाहेर पडावं.

मग उभं करून पाहणं. अंगात सैल हाफ पॅन्ट हवी. जीन्सवरून काही कळत नाही. खांदे, कमरेच्या हाडांची वरची कड, गुडघ्यामागच्या घड्या समपातळीत आहेत का ते पाहतात. त्यानंतरची चाचणी नीट समजून घेण्यासारखी आहे. कमरेखाली दोन्ही बाजूंना खळ्या दिसतात, त्यांच्या जवळच हाडाचे दोन उंचवटे लागतात. तपासणाऱ्या मॅडमनी त्यांच्या खाली दोन अंगठे टेकवले आणि सावकाश पुढं वाकायला सांगितलं. उजवा अंगठा आधी आणि जास्त वर सरकला. याचा अर्थ, उजवीकडे त्रिकास्थी (मणक्यांच्या तळाचं त्रिकोणी हाड) आणि कमरेचं हाड यांच्यातला सांधा मोकळा हलत नाही, त्यामुळे वाकताना कमरेचं हाड मणक्यांबरोबर ओढलं जातं. पण डावीकडचा मांडीमागचा स्नायू आखडलेला असला तरी असंच दिसतं, म्हणून तीच चाचणी बसवून पुन्हा घेतात. बसल्यावर पायांची ओढ निघून जाते. शिवाय या हाताच्या चाचण्यांत दोन तपासणाऱ्यांचं उत्तर बऱ्याचदा जुळत नाही. एकाच चाचणीवर "तुमचा मणका सरकलाय" असं ठोकून देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

टेबलावर पाय सरळ ठेवून उचलतात. ३० ते ७० अंशांच्या दरम्यान गुडघ्याखाली कळ गेली तर नस दबल्याचा संशय. गुडघ्यावर आणि घोट्यामागं हातोडी मारल्यावर येणारे झटके, पायाच्या अंगठ्याची ताकद, पायाच्या कातडीची जाणीव हेही तपासतात. त्यानंतर मात्र हात बरगड्यांखाली गेला, तेव्हा कंबरदुखीला पोट कशाला, असं वाटणं साहजिक आहे. श्वासपटलाचे (छाती आणि पोटामधला श्वासाचा स्नायू) मागचे पट्टे कमरेच्या वरच्या मणक्यांनाच चिकटलेले असतात. आणि सोआस हा स्नायू छातीच्या शेवटच्या मणक्यापासून आणि कमरेच्या मणक्यांपासून निघून मांडीच्या हाडापर्यंत उतरतो. तासन् तास गाडीवर बसणाऱ्याचा तो आखूड पडतो आणि उभं राहिल्यावर कंबर पुढं ओढतो. बोटं शोधतात चार गोष्टी : कातडी-स्नायूचा बदललेला पोत, दोन बाजूंतला फरक, अडकलेली हालचाल आणि दाबल्यावरचं दुखणं.

उपचारात जोर फारसा नसतोच. उजवा गुडघा छातीकडे आणून जिथं अडतो तिथं धरला. "काका, माझ्या हाताला गुडघ्यानं ढकला. जोर नको, अगदी हलकं." पाच सेकंद ढकलायचं, सोडायचं, मग स्नायू सैल झाल्यावर जेवढी नवी जागा मिळते तेवढंच पुढं न्यायचं, असं तीन ते पाच वेळा. इथं बहुतेकांचं चुकतं ते जोर लावण्यात. पूर्ण ताकद लावली की आजूबाजूचे मोठे स्नायू कामाला लागतात आणि नेमका सांधा बाजूलाच राहतो.

दुसरी पद्धत उलटी. दुखरा बिंदू दाबून ठेवायचा, त्या दुखण्याला दहा मार्क धरायचे आणि तो तीनवर येईपर्यंत अंग सैल बाजूला वळवायचं. तिथं ९० सेकंद धरून अगदी हळू परत आणायचं. घाईनं सरळ केलं तर स्नायू पुन्हा आवळतो.

झटक्याची पद्धतही आहे : अंतर थोडं, वेग जास्त. आवाज येतो तो सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार झाल्याचा, हाड जागेवर बसल्याचा नव्हे. हाडं ठिसूळ झालेल्यांना, फ्रॅक्चर असलेल्यांना, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांना झटका नको. मानेच्या झटक्याला मी स्पष्ट नाही म्हटलं. क्वचित का होईना, मानेतल्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते. केस कापून झाल्यावर सलूनमध्ये मान मोडून घेणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं.

प्रत्येक पद्धतीनंतर पुन्हा उभं करून तीच अंगठ्यांची चाचणी. ती घेतली नाही तर तुम्ही मालिशचे पैसे देताय.

डोक्याच्या हाडांवर हलका हात ठेवून 'लय' जाणवते, असं या पद्धतीतले काही जण म्हणतात, ते मला पटलं नाही. त्याचा पुरावाही तोकडा आहे. थायरॉइड, मधुमेह बरा करतो म्हणणारे तर टाळावेतच. १८७४ मध्ये अँड्र्यू टेलर स्टिल यांनी अमेरिकेत ऑस्टिओपथी मांडली. तिथले ऑस्टिओपथिक डॉक्टर आज औषधंही देतात, शस्त्रक्रियाही करतात. आपल्याकडे हाताने उपचार करणारे बरेच जण मुळात फिजिओथेरपिस्ट असतात, म्हणून मूळ पदवी बेधडक विचारावी.

घरी आल्यावर एक-दोन दिवस अंग ठणकतं, ते चालतं. पायात नव्यानं मुंग्या आल्या तर मात्र लगेच कळवायचं. सोआससाठी एक गुडघा जमिनीवर टेकून, ढुंगण आवळून, कंबर पुढं न वाकवता ३० सेकंद ताण, दोन्ही बाजूंना तीनदा. ढुंगण सैल सोडलं तर ताण मांडीऐवजी मणक्यांवर येतो. आठवड्याच्या अंतरानं तीन-चार भेटींत वाकणं-उठणं सुधारलं नाही, तर पाचवी भेट न ठरवता अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावं.