ओळख एकाच कंपनीच्या हाती

रविवार, रात्र

आज दुपारी गूगल खात्याची सुरक्षा-पाने उघडून, या एका लॉगिनवर माझे किती व्यवहार अवलंबून आहेत ते तपासत बसलो होतो. फोटो आणि पत्रे यांची मला फारशी काळजी नाही, कारण 'टेकआउट' या गूगलच्याच माहिती उतरवून देणाऱ्या सोयीतून ती हार्डडिस्कवर उतरवून घेता येतात. अस्वस्थ करते ती ओळख; तिची प्रत काढून ठेवता येत नाही.

१४ डिसेंबर २०२० च्या संध्याकाळी हे स्पष्ट दिसले होते. खातेदारांची ओळख पटवणाऱ्या गूगलच्या मध्यवर्ती यंत्रणेची क्षमता एका स्वयंचलित व्यवस्थेने चुकून घटवली आणि सुमारे ४७ मिनिटे जगभर जीमेल, ड्राइव्ह, यूट्यूब ठप्प झाले. गंमत अशी, की लॉगिन न करता यूट्यूब उघडणाऱ्यांना व्हिडिओ दिसत होते. अडले ते फक्त नाव सांगून आत जाणारे.

तो तांत्रिक बिघाड होता. जुलै २०२५ मध्ये नायरा एनर्जीच्या बाबतीत घडले ते निराळे. युरोपीय संघाने निर्बंध लादल्यानंतर मायक्रोसॉफ्टने या कंपनीच्या सेवा थांबवल्या, आणि वाडीनारसारखा अवाढव्य तेलशुद्धीकरण प्रकल्प चालवणाऱ्या कंपनीला स्वतःच्याच ईमेलसाठी दिल्ली उच्च न्यायालयात धाव घ्यावी लागली. सेवा काही दिवसांत पूर्ववत झाली खरी, पण पैसे मोजून घेतलेला परवानाही परक्या कायद्यापुढे किती तकलादू ठरतो, हे तेवढ्यात कळून चुकले. नायराला निदान वकील उभे करता आले. खाते बंद झालेल्या सामान्य माणसाच्या वाट्याला बहुधा एक ऑनलाइन अर्ज येतो.

मोबाइल क्रमांकाच्या बाबतीत आपण हा प्रश्न कधीच सोडवला आहे. २० जानेवारी २०११ पासून देशभर क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलता येते. ईमेलला तशी सोय नाही. जीमेलचा पत्ता घेऊन दुसऱ्या कंपनीकडे जाता येत नाही. त्यावर उपाय एकच, स्वतःचे डोमेन, म्हणजे पत्त्यात @ नंतर येणारे, आपल्या नावावर नोंदवलेले नाव. त्यावरचा पत्ता कायम राहतो आणि टपाल हाताळणारी कंपनी हवी तेव्हा बदलता येते. अर्थात डोमेनही कुणाकडून तरी भाड्यानेच घ्यायचे असते, आणि त्या विक्रेत्याकडचे खाते त्याच डोमेनच्या पत्त्यावर उघडणे हा शुद्ध वेडेपणा, कारण मुदत चुकली तर नूतनीकरणाची सूचनाही तिथेच अडकेल.

पुढच्या आठवड्यात बँक आणि विमा यांचे पत्ते आधी बदलीन. वर्तमानपत्रांची वर्गणी आणि खरेदीची दुकाने जीमेलवरच राहिली तरी बिघडत नाही.