कुंकू करडं होतं तेव्हा

फार जुन्या फोटोंतल्या बायकांचं कुंकू काळं असतं. रुपयाएवढं, ठसठशीत, पण काळं. लहानपणी मला वाटायचं, या सगळ्या बुक्काच लावत असाव्यात. कारण पुढे कळलं. त्या काळच्या काचेच्या प्लेटांना आधी फक्त निळा रंग दिसे, मग हिरवा दिसू लागला. लाल मात्र दिसत नसे. आणि जे दिसत नाही ते कागदावर काळं उमटणार. लालही ओळखणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म रुळेपर्यंत हे असंच चाललं.

आमच्याकडे पणजीचा एक फोटो आहे. गडद लुगडं, घट्ट ओढलेला पदर, कपाळ मोकळं. ते लुगडं काळंच, असं आम्ही सगळी भावंडं धरून चाललो होतो. आजी म्हणाली, "काळं कुठलं, आलवण आहे ते." म्हणजे विधवांना नेसावं लागे ते लाल लुगडं. शेजारच्या चौकटीत पणजीची जाऊ आहे, भरल्या कपाळाची. एकीवर लादलेला लाल आणि दुसरीनं हौसेनं लावलेला लाल, कॅमेऱ्यानं दोन्ही एकाच काळ्या खात्यात जमा केले. त्यामुळे "ब्लॅक अँड व्हाइट फोटो कसा खरा वाटतो!" असं कुणी म्हणालं की मी विषय बदलतो.

रंगाचीही फार थोरवी सांगायला नको. आमच्या भिंतीवर पहिला रंग आला तो ब्रशानं. स्टुडिओवाले करड्या फोटोवर हातानं रंग भरून देत. गाल गुलाबी, ओठ त्याहून गुलाबी, साडी पोपटी. रंगवणाऱ्यानं त्या बाईला पाहिलेलंही नसायचं. त्यानंतर खरे रंगीत प्रिंट आले, तर त्यांतला निळसर रंग आधी उडाला. काकांच्या लग्नाचा अख्खा अल्बम आता तांबूस आहे. आकाश, वरात, बँडवाले, सगळे एकाच उन्हात भाजल्यासारखे. पणजीचा फोटो चांदीच्या कणांचा असल्यामुळे कोपऱ्यात कसर लागूनही शाबूत आहे. आपल्याकडे बराच काळ रंगीत की करडा हे आवडीवर ठरत नव्हतं. ज्या साली जन्मलात आणि खिशात जेवढे पैसे होते, त्यावर ठरायचं.

आता निवड हातात आली आहे, आणि तीही फोटो काढून झाल्यावर. मोबाइल रंगीतच टिपतो, करडा आपण मागाहून करतो. त्यासाठी सॉफ्टवेअरचा एक जुना ठरलेला हिशोब असतो: लालाचे तीस टक्के, हिरव्याचे एकोणसाठ, निळ्याचे अकरा. आपल्या डोळ्याला हिरवा सगळ्यांत उजळ वाटतो म्हणून त्याला वजन जास्त. हिशोब ठीकच आहे, पण तो हिरव्या इरकलीला लावून बघा. गडद हिरवं अंग आणि लाल काठ बेरजेला जवळजवळ सारखेच येतात, आणि काठ अंगात विरघळून जातो.

हे मला आत्याच्या पंचाहत्तरीच्या फोटोत दिसलं. फोटोची मागणी तिचीच. "आत्ताच एक धड काढून ठेव. नाहीतर तुम्ही लोक ऐन वेळी आधारकार्डावरचा मोठा करून लावाल." खिडकीशी बसवून काढला. उजेड एका बाजूनं आलेला, पांढऱ्या केसांची कड चमकलेली, डोळ्यांखालच्या सुरकुत्या सुबक. मी त्याचा ब्लॅक अँड व्हाइट केला आणि आत्या एकदम निवृत्त न्यायाधीश दिसायला लागली. मागची लाल प्लॅस्टिकची खुर्ची गप्प झाली, खिडकीचा निळा आणि ट्यूबलाइटचा हिरवट उजेड यांचं भांडण मिटलं. (आम्ही हौशी लोक अर्धे फोटो करडे करतो ते याच भांडणापायी, कलेपायी नव्हे.) अजून एक मोह झाला. लाल रंगाची पट्टी वर सरकवली की त्वचा उजळते, वांगाचे डाग पुसट होतात. सरकवली. चेहरा खरंच उजळला, आणि कपाळावरची टिकली नाहीशी झाली. पणजीचं मोकळं कपाळ आठवलं आणि पट्टी खाली ओढली.

घरच्या ग्रुपवर दोन्ही टाकले. पुण्याची वहिनी म्हणाली, ब्लॅक अँड व्हाइट क्लासी आहे. न्यू जर्सीच्या भावालाही तोच हवा होता, त्याच्या दिवाणखान्यातल्या सोफ्याला शोभतो म्हणून. आत्यानं मोबाइल लांब धरून पाहिला. "हे गेलेल्यांसारखं दिसतंय. आणि काठ कुठं गेला माझा?"

काठाच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. रघुबीर सिंह हा आपला मोठा छायाचित्रकार जन्मभर रंगाच्या बाजूनं उभा राहिला. फोटोग्राफी भारतात जन्मली असती तर रंगाचा हा वाद उभाच राहिला नसता, असं त्याचं म्हणणं. मला ते निम्मं पटतं. यूसुफ कार्श यांनी १९४१ मध्ये टिपलेला तोंडातला चिरूट काढून घेतल्यावरचा चर्चिल मला गुलाबी गालांसकट नको आहे. तिथे रागच हवा, आणि राग करड्यात नीट मावतो. उलट १९८४ मध्ये स्टीव्ह मकरीनं पाकिस्तानातल्या निर्वासितांच्या छावणीत टिपलेल्या त्या अफगाण मुलीचे हिरवे डोळे करडे केले तर फोटोत उरेल काय?

म्हणून मी फोटो उघडायच्या आधी डोळे मिटून माणूस आठवतो. आमचे गणिताचे सर आठवले तर कपाळावरच्या आठ्या दिसतात. ते खुशाल करडे व्हावेत. आत्या आठवली की आधी हिरवं काहीतरी हलतं, मग तिचा आवाज येतो, चेहरा सर्वांत शेवटी.

भिंतीसाठी रंगीत छापला, ट्यूबलाइटच्या हिरवटपणासकट. न्यू जर्सीला करडा गेला. आत्यानं मात्र भिंतीवरच्या फोटोकडे समाधानानं बघत करडाच स्वतःचा डीपी म्हणून लावून टाकला. "तिथं काठ कुणाला दिसतोय!" भिशीच्या बायकांनी कुठल्या स्टुडिओत काढला म्हणून चौकशी केली. आता त्यांतल्या दोघीतिघींचे फोटो माझ्या गळ्यात आहेत, आणि प्रत्येकीला तसाच हवाय, न्यायाधीशासारखा.