मावशीच्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट: सिनॅमन सोडून एक्सएफसीईवर का आलो

मंडळी, सेलूच्या मावशीचा लॅपटॉप मागच्या महिन्यात माझ्याकडं परभणीला आला. २०१४ चं मशीन, ४ जीबी रॅम, जुनी फिरती हार्ड डिस्क. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ यावर अधिकृतपणे बसत नाही, कारण प्रोसेसर जुना आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही. मावशी त्यावर बचत गटाचा हिशेब ठेवते. बायकांच्या पैशांची नोंद असलेलं मशीन बिनअपडेटचं ठेवायला मन धजेना. म्हणून विंडोजच्या जागी लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टिम टाकायचं ठरवलं.

मावशीची अट एवढीच: "काय बी टाक बाबा, पण मला मराठीत लिहिता आलं पाहिजे. अन् दर खेपेला तुला फोन लावायची पाळी नको."

नवख्याला कोणतं डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा कोणता प्रकार द्यावा यावर आपण तासन्‌तास बोलतो, पण ते बहुतेक थीम आणि आयकॉनवर. मी कसोटी वेगळी ठरवली. लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालू करायचं, मराठी कीबोर्ड जोडायचा आणि 'दुसऱ्या हप्त्याची वसुली' हे तीन शब्द टाइप करायचे. मराठी वापरणाऱ्यासाठी सोपेपणा इथूनच सुरू होतो, असं माझं ठाम मत आहे.

एका पेनड्राइव्हवर व्हेंटॉय (एकाच पेनड्राइव्हवरून अनेक सिस्टिम सुरू करणारं टूल) टाकून तीन आयएसओ, म्हणजे इन्स्टॉलच्या फाइली ठेवल्या: उबुंटू २४.०४, मिंट २२ सिनॅमन, मिंट २२ एक्सएफसीई. शेवटचे दोन म्हणजे एकच मिंट, फक्त डेस्कटॉप वेगळा. मिंटची एकेक फाइल ३ जीबीच्या आसपास, उबुंटूची जवळपास दुप्पट. मोबाइलच्या डेटावर दोन रात्री गेल्या. फाइल नीट उतरली का ते सांगणारे चेकसम मात्र तपासलेच. अर्धवट उतरलेल्या फाइलवर अख्खा दिवस वाया गेल्याचा अनुभव गाठीशी आहे.

उबुंटू चांगलंच आहे, पण या रॅमवर फायरफॉक्स आणि कॅल्क (एक्सेलसारखं हिशेबाचं ॲप) सोबत उघडले की माउस अडखळायला लागला. शिवाय खाली पट्टी नाही, कोपऱ्यात मेनू नाही. मावशीची नजर तिथंच जाणार. सिनॅमन मी स्वतः वापरतो, त्यामुळं दोन दिवस त्याचाच हट्ट धरला होता. नुसतं चालू असताना त्यानं साधारण १ जीबी रॅम घेतली, एक्सएफसीईनं ७०० एमबीच्या आत भागवलं. ४ जीबीत हा फरक म्हणजे ब्राउझरची चार-पाच पानं. दोन्हींचा पाया उबुंटू २४.०४ चाच, अपडेट २०२९ पर्यंत. मग जड का उचलायचं?

आता कीबोर्ड. एक्सएफसीईत सेटिंग्ज, कीबोर्ड, मग लेआउट टॅब. तिथली 'सिस्टिम डिफॉल्ट वापरा' ही खूण आधी काढावी लागते, नाहीतर नवा लेआउट जोडायचं बटण दबतच नाही. मी यात पंधरा मिनिटं घालवली, तुम्ही घालवू नका. मावशी क्लासमध्ये इनस्क्रिप्ट ही मराठी कीबोर्डची मांडणी शिकलेली आहे. 'दुसऱ्या' मधला ऱ्या असा येतो: शिफ्ट धरून जे, मग डी, मग स्लॅश, मग ई. साध्या जे नं सुरुवात केली तर 'र्या' होतो आणि रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. स्क्रीनवर 'दुसऱ्या' नीट उमटला तेव्हा खरंच बरं वाटलं.

इन्स्टॉलच्या दिवशी अर्ध्यात लाईट गेली. बॅटरी दहा मिनिटंसुद्धा टिकली नाही, मशीन धाडकन बंद. सगळा डेटा आधीच बाहेरच्या डिस्कवर घेतला होता म्हणून निभावलं. दुसऱ्या खेपेला इन्व्हर्टरवर लावून केलं, आणि करायचंच आहे तर जुनी डिस्क काढून २४० जीबीची एसएसडी बसवली. सगळ्यात मोठा फरक याच बदलानं पडला, डिस्ट्रोपेक्षाही. सुरू व्हायला आधी चहा होऊन जायचा, आता गाळणी हातात घेईपर्यंत डेस्कटॉप समोर.

वायफाय दिसेना. फोन केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग चालू केलं, ड्रायव्हर मॅनेजर उघडला, त्यानं सुचवलेला ड्रायव्हर टाकला आणि रीस्टार्ट केलं. झालं. पहिले अपडेट घेतल्यावर लगेच टाइमशिफ्टचा स्नॅपशॉट काढून ठेवला, म्हणजे काही बिघडलं तर सिस्टिम मागच्या स्थितीत नेता येते.

एक काम राहिलंय. गटाच्या आधीच्या सचिवांनी दोन वर्षांचा हिशेब युनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) आधीच्या मराठी फॉन्टमध्ये केला होता. त्या फाइलीत आत खरी अक्षरं इंग्रजीच असतात, मराठी रूप फक्त फॉन्टचं. म्हणून मिंटमध्ये उघडल्यावर नुसता इंग्रजी अक्षरांचा खच दिसला. तो फॉन्ट होममधल्या लपलेल्या डॉट फॉन्ट्स फोल्डरमध्ये टाकला, आता वाचता येतंय. पण शोधता येत नाही, नाव टाकलं तर सापडत नाही. युनिकोडमध्ये आणायला सुरुवात केली आहे, दोन महिन्यांच्या नोंदी झाल्या. रूपांतर केल्यावर ऱ्य आणि रफाराची गल्लत होते, त्यामुळं प्रत्येक ओळ डोळ्याखालून घालावी लागते.

रविवारी लॅपटॉप सेलूला पोचवला. मावशीनं डाव्या कोपऱ्यातला मेनू स्वतःच उघडला, कॅल्क शोधलं आणि हप्त्याच्या रकान्यात नावं लिहायला बसली. प्रिंटर अजून जोडायचाय, पुढच्या खेपेला केबल घेऊन जातो.