भातकापणीच्या दिवसांत रतनगड

रतनवाडीच्या वाटाड्याला फोन लावला तेव्हा त्याने आधी किती जण येणार ते विचारलं आणि मग म्हणाला, "ताई, हळवं भात पिकलंय. थोडे दिवस थांबता येईल का?" आमच्या सुट्ट्या त्याच्या भाताच्या मागे गेल्या. वरच्या खाचरांतल्या लवकर पिकणाऱ्या हळव्या भाताची कापणी उरकायची आणि खालच्या, उशिरा पिकणाऱ्या गरव्या भाताला हात लावायच्या आधी आम्हाला गडावर न्यायचं, असं ठरलं. दर फोनवरच बोलून घेतला, जेवणाचे वेगळे. हे आधीच स्पष्ट झालेलं बरं असतं. गडाखाली उभं राहून घासाघीस करणं दोन्ही बाजूंना लाजिरवाणं होतं.

आम्ही नाशिकहून घोटी, बारी, शेंडी असे गेलो. शेंडीच्या पुढे रस्ता भंडारदऱ्याच्या पाण्याला वळसा घालत रतनवाडीला पोचतो. हे गाव अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या हद्दीत येतं. पाणी अडवणारं विल्सन धरण १९२६ सालचं. गावात मुक्काम वाटाड्याकडेच केला. रात्री पिठलं, नागलीची भाकरी आणि नव्या तांदळाचा भात. नेटवर्क जवळजवळ नाही, तेव्हा घरच्यांना काय सांगायचं ते शेंडीतच सांगून घ्या.

रात्री परतीच्या पावसाची एक सर येऊन गेली. आम्ही पांघरुणात पडल्या पडल्या खूश. पलीकडे मात्र नवराबायको कंदील घेऊन बाहेर पळाली, कापलेले भारे झाकायला. त्या सरीची किंमत दुसऱ्या दिवशी कळली.

उजाडता उजाडता निघालो. अमृतेश्वराचं देऊळ वाटेतच आहे. हेमाडपंती, बाहेरून पायापासून वरपर्यंत कोरलेलं. काठावर छोटी देवळं असलेली त्याची पुष्करणीही बघण्यासारखी आहे. पण भाऊ (वाटाड्याला आम्ही असंच म्हणायचो) म्हणाला, देव येताना बघू, आधी ऊन चढायच्या आत जंगल गाठू. देवळापुढे खाचरं सुरू होतात. बांधावरून एकामागे एक चालायचं आणि पाय घसरला तरी पिकात टाकायचा नाही, ही त्याची पहिली ताकीद. एका बाजूला कापलेल्या भाताचे धसकट, दुसऱ्या बाजूला लोंब्या वाकलेलं उभं भात. वर उतारावर नागली, वरई आणि मध्येच खुरासणीचे पिवळे पट्टे. फोटो काढायला सगळ्यांनी तिथेच थांबावं इतका तो पिवळा रंग भडक. भाऊ मात्र खुरासणी तेलासाठी लावतो आणि चटणीला तिच्यासारखं काही नाही, एवढंच सांगून पुढे झाला.

वाटेत त्याने राबाची जमीन दाखवली. उन्हाळ्यात पालापाचोळा, शेण, फांद्या पसरून ती भाजतात, मग तिथे रोपं करतात आणि पावसात चिखलणी करून आवणी, म्हणजे रोपांची लावणी. मी शहरात बसून राब भाजण्याबद्दल बरंच काही वाचलं होतं, बहुतेक विरोधातलं. तण कमी होतं, रोप तरारून येतं, आणि दुसरं परवडणारं काय आहे ते तुम्ही सांगा, असं तो म्हणाला. माझ्याकडे उत्तर नव्हतं. बियाण्याचा विषय निघाला तेव्हा याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचं नाव त्याने अभिमानाने घेतलं. गावरान वाणांचं बियाणं जपल्याबद्दल त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. त्याच्या घरीही काळभात या गावरान वाणासाठी मूठभर जागा राखून ठेवतात, उतारा कमी असला तरी.

पुढे प्रवरेचं पात्र ओलांडावं लागतं. नदी याच डोंगरात उगम पावते, इथे ती अजून ओढाच असते. दगड शेवाळलेले, म्हणून भाऊ पुढे जाऊन काठीने एकेक दगड ठोकून दाखवायचा. जंगलात शिरल्यावर काठीचं काम बदललं. ऑक्टोबरमध्ये वाटेवर कोळ्यांची मोठाली जाळी आडवी ताणलेली असतात. तो ती तोडत नव्हता. काठीने एक दोरा उचलून जाळं बाजूच्या कारवीच्या झुडपावर टेकवायचा, आम्ही वाकून जायचं. कोळी मध्यभागी जागचा हलायचा नाही. हे करताना त्याचं बोलणं एकदाही तुटलं नाही.

कारवीच्या काठ्यांच्या कुडाच्या भिंती आता कमी झाल्या, पत्रे आले. कारवी साधारण सात वर्षांनी फुलते. आम्हाला ती नुसती हिरवीच मिळाली. हिरडा-बेहड्याची झाडं त्याने दाखवली तीही बाजाराच्या हिशोबाने.

एका फाट्यावर सरळ वाट कात्राबाईच्या खिंडीकडे, म्हणजे पुढे हरिश्चंद्रगडाकडे जाते आणि गडाची वाट उजवीकडे चढते. फलक असो वा नसो, इथे चुकणारे चुकतातच, आणि एवढ्यासाठीही माणूस बरोबर असावा. चढ आता दम काढतो. शिड्यांच्या आधी त्याने सगळ्यांना बसवलं आणि नियम सांगितले. कड्यावर आग्या मोहळं असतात. अत्तर, स्प्रे मारलेला असेल तर रुमालाने पुसून घ्या, वर धूर नाही, आरडाओरडा नाही. खाण्याची पिशवी हातात नको, माकडं ओढतात. शिडीवर एका वेळी एकच जण. रविवारी या शिड्यांशी रांग लागते म्हणे. मधल्या वारी आलो म्हणून आम्ही निवांत होतो. लोखंड रात्रीच्या पावसाने गार आणि ओलं होतं.

गणेश दरवाज्यातून आत गेलं की गड मोकळा होतो. उंची १२९७ मीटर. गुहेत रत्नादेवीचं दर्शन घेतलं, टाक्यांवर तोंडं धुतली आणि नेढ्यात जाऊन बसलो. कातळाला आरपार पडलेलं हे भोक इतकं मोठं आहे की सगळी मंडळी आत मावून वर शिदोरी उघडता येते, फक्त वारा ताटं उडवतो. एकीकडे कळसूबाई आणि अलंग-मदन-कुलंग, दुसरीकडे आजोबाचा कडा. इंग्रजांविरुद्ध उठलेल्या राघोजी भांगऱ्यांचा मुलूख हाच. त्यांना २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. भाऊ महादेव कोळी, त्यामुळे हे नाव त्याच्या तोंडी घरच्या माणसासारखं आलं.

माझी इच्छा त्र्यंबक दरवाज्याने साम्रद गावाकडे उतरायची होती. तशी गाडीही तिकडे पाठवता आली असती. भाऊने खाली डोकावून कातळातल्या पायऱ्या पाहिल्या, मग माझ्या मेहुण्याच्या गुडघ्याला बांधलेला पट्टा पाहिला, आणि नाही म्हणाला. पायऱ्या उंच, त्यात कातळ ओला. आम्ही थोडी मनधरणी केली, तो ऐकेना. पैसे वाट दाखवायचे देतो तितकेच या नकाराचेही देतो, असं माझं मत आहे. सगळ्याला हो म्हणणारा वाटाड्या मला नको.

आल्या वाटेने उतरताना तो सारखा पश्चिमेकडे बघत होता. ढग चढत होते. घाई करा असं तोंडाने म्हणाला नाही, पण विसावे कमी झाले. अमृतेश्वराशी पोचलो तेव्हा थेंब नव्हता. देवळात शिरून कोरीवकाम निवांत बघायचं ठरलेलं, तो मात्र "तुम्ही बघा, मी भारे बघतो" म्हणून थेट वावराकडे गेला. आम्हीही दर्शन आटोपून मागोमाग गेलो.

रात्री भिजलेले भारे त्याच्या बायकोने उलटून पसरले होते. खालच्या लोंब्यांमधले काही दाणे काळवंडले होते, ते तिने तळहातावर चोळून दाखवले. मदत करायला गेलो, पण पेंढी उचलताना माझ्याकडून लोंब्या झडायला लागल्या तशी ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या ताई, चहा घ्या." उरलेले भारे त्या दोघांनीच खळ्यावर नेऊन ताडपत्रीखाली लावले. पाऊस तासाभराने आला.

निघताना ठरलेले पैसे दिले. काळभाताचा तांदूळ मागितला तर गिरणीवरून आल्यावर कळवतो म्हणाला, घरापुरता ठेवून उरला तर. मग आम्हाला गाडीपर्यंत सोडताना सुचवलं, "पुढच्या खेपेला जुलैत या. तेव्हा आवणी असते, माणसं कमी पडतात."

मेहुण्यांनी लगेच गुडघ्याचा पट्टा घट्ट केला.