फादर आणि आमचे तात्या

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी शाळेबद्दल काही लिहून द्या, असं मुख्याध्यापकांचं पत्र आलं. शाळेबद्दल लिहायचं म्हणजे मला फादरांबद्दलच लिहायला हवं. स्नेहसंमेलनं, कवायत, दहावीचे निकाल यांवर माझे वर्गमित्र लिहितीलच. फादर म्हटल्यावर कोणते फादर, हे आमच्या काळच्या एकाही विद्यार्थ्याला सांगावं लागणार नाही.

ते मूळचे स्वित्झर्लंडचे. आम्हाला भूमिती शिकवायचे, तीही अस्सल मराठीत. पक्ष, साध्य, सिद्धता. साध्य डोळ्यांना दिसत असलं तरी मधली एक पायरी गाळली की पूर्ण गुण कापायचे. कितीही हुज्जत घाला, गुण परत मिळायचे नाहीत. मला भूमिती फारशी आली नाही, पण ती पायरी आजतागायत गाळलेली नाही.

माझे आजोबा, तात्या, नाशिकरोडच्या सरकारी प्रेसमध्ये टपाल तिकिटांच्या छपाईवर होते. आयुष्यभर एकेक तावाचा हिशेब देऊन, गेटवर झडती देऊन घरी आलेला माणूस. घरात माळकरी. ज्ञानेश्वरीचं रोजचं वाचन आणि पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी त्र्यंबकेश्वरला पायी जाणं, हे कधी चुकलं नाही. ते निवृत्त झाले आणि पाठोपाठ १९७६ साली आजी गेली. तात्या घरात बोलेनासे झाले. आईने मला आणायच्या निमित्ताने त्यांना शाळेकडे पाठवायला सुरुवात केली. आठवीतल्या मुलाला आणायला कुणी येण्याची गरज नव्हती, हे त्यांनाही कळत होतं. पण ते यायचे.

शाळा सुटल्यावर फादर व्हरांड्यात बाकावर वह्या तपासत बसायचे. तात्या शेजारी बसू लागले. पहिले काही आठवडे दोघांत बोलणं असं नव्हतंच. मग एकदा तात्यांनी विचारलं, तुमच्यात मेलेल्या माणसाचं पुढे काय होतं म्हणतात? फादरांनी पेन खाली ठेवलं. त्या दिवशी आम्ही अंधार पडल्यावर घरी गेलो.

फादरांनी त्यांना आधी बायबल दिलं नाही. त्यांच्याकडे १९५६ साली निघालेली ख्रिस्तपुराणाची देवनागरी आवृत्ती होती, ती दिली. थॉमस स्टीफन्स हा येशूसंघाचा इंग्रज धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आला. तिथली मराठी शिकून त्याने ख्रिस्ताची कथा ओव्यांत लिहिली आणि १६१६ मध्ये ती रोमन लिपीत छापली गेली. दहा हजारांहून जास्त ओव्या आहेत. तात्यांनी ते पुस्तक प्रेसमधले ताव तपासावेत तसं तपासलं. समासात पेन्सिलीने खुणा केल्या. जिथे ज्ञानोबांची आठवण झाली तिथे उभी रेघ, जिथे पटलं नाही तिथे फुली. फुल्या बऱ्याच होत्या. फादर प्रत्येक फुलीवर थांबायचे. काही ठिकाणी सरळ म्हणायचे, "तात्या, याचं उत्तर मला येत नाही." परदेशातून धर्म सांगायला आलेला माणूस असं म्हणतो, याचा तात्यांच्या मनावर जो परिणाम झाला तो दुसऱ्या कशाचा झाला नसता, असं मला वाटतं.

हा एकमार्गी व्यवहार नव्हता. फादर तात्यांकडून ज्ञानेश्वरी शिकत होते. बाराव्या अध्यायावर तर दोघे महिनोन्‌महिने अडले होते. पौषात तात्यांबरोबर फादर त्र्यंबकला आले, पांढरा झगा न घालता, साध्या सदऱ्यात. निवृत्तिनाथांच्या समाधीपाशी दिंड्यांच्या गर्दीत मागे उभे राहून त्यांनी पूर्ण कीर्तन ऐकलं. आल्यावर तात्या आईला एवढंच म्हणाले, "हा माणूस ऐकतो."

आता तो प्रसंग, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. आजी जाऊन आठेक महिने झाले असतील. तात्यांनी व्हरांड्यातच सांगितलं की मला स्नानसंस्कार घेऊन ख्रिस्ती व्हायचं आहे, येत्या पास्कालाच, म्हणजे ईस्टरलाच, घेतो. मी दप्तर घेऊन जवळच उभा होतो. फादरांचा चेहरा उजळेल असं मला वाटलं. ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "नाही. आधी वहिनींचं वर्षश्राद्ध करा. तुमच्या घरच्या रीतीने, मुलाच्या हातून. त्यानंतरही वाटलं तर या. आज तुम्ही वहिनींना शोधताय. येशूला शोधताय का, ते मला अजून दिसत नाही. आणि घरी सांगा. घरी न सांगता मी काही करणार नाही."

तात्या रागावले. चांगले पंधरा दिवस शाळेकडे फिरकले नाहीत. फादर रोज मला विचारायचे, "तात्यांचा गुडघा कसा आहे?" त्यापलीकडे एक शब्द नाही.

घरी कळल्यावर माझे वडील, अण्णा, तडक शाळेत गेले. म्हाताऱ्या माणसाला फूस लावता म्हणून जे बोलायचं ते बोलले. फादरांनी सगळं ऐकून घेतलं, वर्षश्राद्धाबद्दल तात्यांना काय सांगितलं होतं ते सांगितलं, आणि अण्णांना म्हणाले, "तुम्हीही येत चला संध्याकाळी. तुमचे वडील काय विचारतात ते मुलाला माहीत असायला हवं." अण्णा कधी गेले नाहीत. पण त्या दिवसानंतर त्यांनी तात्यांना अडवलंही नाही.

वर्षश्राद्ध झालं. त्यानंतरही फादरांनी घाई केली नाही. मी दहावी होऊन शाळेतून बाहेर पडलो तरी दोघांचं वाचन चालूच होतं. शेवटी एका पास्काच्या रात्री, मोठ्या मेणबत्तीवरून आपली मेणबत्ती पेटवून, तात्यांनी स्नानसंस्कार घेतला. आई आणि मी होतो. अण्णा आले नाहीत. घरात तात्या तात्याच राहिले आणि गुडघे साथ देत होते तोवर त्र्यंबकलाही जात राहिले.

मी आज नाशिकच्या न्यायालयात वकिली करतो. तीसहून जास्त वर्षं झाली. वाटणीपत्रं, हक्कसोडपत्रं, मृत्युपत्रं हेच माझं काम. घरात नुकतंच कुणी गेलेलं असेल तर मी त्या माणसाला हक्कसोडपत्रावर सही करू देत नाही, वर्ष जाऊ द्या म्हणतो. माझे सहकारी म्हणतात, फी बुडवतोस. पण वर्षानंतर आलेल्या कितीतरी बहिणींनी सही केली नाही आणि कितीतरी भावांनी स्वतःच हिस्सा दिला. हे मी लॉ कॉलेजात शिकलेलो नाही.

आता नाशिकरोडच्या बाळयेशूच्या यात्रेला फेब्रुवारीत इतकी गर्दी लोटते की पुणे रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते, आणि पौषात त्र्यंबकच्या दिंड्यांनी रस्ते भरलेले असतात. दोन्हीकडे माणसं वाढली. पण एक माळकरी आणि एक फादर रोज संध्याकाळी एका बाकावर बसलेले आज कुणाला सहज चालतील, असं वाटत नाही. कुणीतरी फोटो काढेल, कुणीतरी तक्रार करेल. याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्या बाकावर जे चाललं होतं त्याहून प्रामाणिक गोष्ट मी आयुष्यात पाहिलेली नाही.

तात्यांची ख्रिस्तपुराणाची प्रत माझ्याकडे आहे. बांधणी सुटली होती, ती नवी करून घेतली. समारंभाच्या दिवशी ती शाळेच्या ग्रंथालयाला द्यायची आहे. मुख्याध्यापकांना एकच विनंती, समासातल्या पेन्सिलीच्या खुणा कुणी पुसू नयेत, फुल्या तर मुळीच नाहीत.