पीडीएमएसची चिप साच्यात उतरवताना

प्रयोगशाळेत पीडीएमएस या सिलिकोन रबरात ओतलेली आमची मायक्रोफ्लुइडिक चिप, म्हणजे केसासारख्या बारीक वाहिन्यांतून (चॅनेलमधून) द्रव नेणारी पट्टी, उत्तम चालत होती. तेलात पाण्याचे एकसारखे थेंब तयार करणे एवढेच तिचे काम होते. मात्र रबर ओतणे, ओव्हनमध्ये पक्के करणे, सोलणे आणि काचेला चिकटवणे यात एकेका चिपमागे काही तास जातात, त्यामुळे हजारोंच्या मागणीला ही पद्धत पुरत नाही. म्हणून सीओसी या पारदर्शक प्लास्टिकमध्ये इंजेक्शन मोल्डिंग, म्हणजे वितळलेले प्लास्टिक दाबाने साच्यात भरून चिप, करून घेण्यासाठी मी वडोदऱ्यातल्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतील एका मराठी टूलमेकर (साचे बनवणाऱ्या) काकांकडे गेलो.

ड्रॉइंग पाहताच काकांनी विचारले, “ड्राफ्ट किती देऊ?” रबर वाकवून सोलता येत असल्याने आमच्या चॅनेलच्या भिंती सरळ उभ्या होत्या. कडक प्लास्टिक मात्र थंड होताना आकसते आणि साच्यातल्या उंचवट्याला आवळून धरते, म्हणून भिंतींना 1 ते 2 अंशांचा उतार, म्हणजेच ड्राफ्ट, द्यावा लागतो. खरी अडचण टी-जंक्शनची, म्हणजे तेलाचा आणि पाण्याचा चॅनेल टी आकारात मिळतात त्या जागेची होती. चिपमध्ये जी खाच, ती साच्यात बारीक कड असते, आणि दोन कडा जिथे मिळतात त्या आतल्या कोपऱ्यात 100 मायक्रॉन व्यासाचे कटर 50 मायक्रॉनची गोलाई सोडतेच. थेंब तुटतो तो नेमका तिथे. त्यामुळे तेवढ्या भागासाठी एसयू-8 या प्रकाशाने घट्ट होणाऱ्या रसायनाच्या मूळ नमुन्यावर (मास्टरवर) निकेल चढवून साच्यात बसवायचा वेगळा तुकडा, म्हणजे इन्सर्ट, केला. तो महाग पडला, पण कोपरे जसेच्या तसे मिळाले.

प्रत्यक्ष मोल्डिंग त्या मानाने सुरळीत झाले. साचा थंड ठेवला की प्लास्टिकवर लगेच साय धरते आणि चॅनेलच्या धारा बोथट येतात. साचा तापवला की त्या सुधारतात, पण एक चिप निघायला लागणारा वेळ लांबतो.

सर्वात जास्त वेळ खाल्ला तो उघडे चॅनेल बंद करणाऱ्या झाकणाने. आमच्या ग्रेडचे प्लास्टिक सुमारे 134 अंश सेल्सियसला मऊ होऊ लागते. त्याच्या थोडे खाली, दाबाखाली चिप आणि झाकण जोडायचे असतात, आणि तापमान जरा चढले की चॅनेल दबून बसतो, उतरले की सांधा उकलतो. एकदा गळती तपासताना निळ्या शाईचा धागा चॅनेल सोडून बाजूला सरकताना दिसला. सूक्ष्मदर्शकाखाली चॅनेलच्या कडेला काही मायक्रॉनचा फ्लॅश, म्हणजे साच्याच्या फटीत शिरलेल्या प्लास्टिकची पातळ कड, उभा होता, ज्यामुळे झाकण तेवढ्या पट्ट्यात टेकतच नव्हते. तो फ्लॅश आमच्या इन्सर्टच्या सांध्यातूनच येत होता, त्यामुळे सांध्याची रेष चॅनेलपासून दूर न्यावी लागली. चिप किंचित वाकलेली असली तरी हाच त्रास होतो, म्हणून होल्डिंग प्रेशर (साचा भरल्यावर प्लास्टिकवर धरून ठेवायचा दाब) ठरवताना आम्ही चकाकीपेक्षा सपाटपणा पाहिला.

आता चिप मिनिटाभरात साच्यातून बाहेर पडते, झाकण बसायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. काका साच्यात दुसरी कॅव्हिटी, म्हणजे एका वेळी आणखी एक चिप घडवणारी पोकळी, सुचवत होते. मी ते पैसे आधी एका वेळी अनेक चिपांवर झाकणे दाबणाऱ्या फिक्स्चरवर (पकड-चौकटीवर) घातले.